घाट उतरल्यावर

[पहाट, गोव्यातलं म्हापसा. सायकलचा भोंगा.]

पोदेर, म्हणजे पाववाला, आला. टोपलीत उंडे, पोयी, कांकणं, सगळे पावाचेच प्रकार. पाव पोर्तुगिजांबरोबर आला आणि इथलाच होऊन बसला. सायकलवरचा पोरगा मात्र आता बऱ्याचदा बाहेरगावचा असतो. 'पोदेर' म्हटलं की तो ओ देतो, सुट्ट्या पैशांवरून कोकणीत हुज्जतही घालतो. त्याची पाठ वळली की त्याच्यासाठी दुसरा शब्द आहे. घाटी.

[चोर्ला घाट. पाऊस.]

शब्दाचा मूळ अर्थ साधाच. सह्याद्रीपलीकडून घाट उतरून आलेला. माझे वडील असेच चंदगडहून उतरले आणि शुक्रवारच्या बाजारात हमाली करू लागले. मी इथेच जन्मलो. घरात मराठी, वाड्यावर कोकणी. शाळेत कोणी 'घाट्या' म्हटलं की मी आणखी नाकातून कोकणी बोलायचो. नाकातून बोललं की माणूस गोंयकार, म्हणजे मूळ गोव्याचा वाटतो, हा माझा तेव्हाचा शोध.

मुंबईतही हा शब्द होताच. तिथे तो देशावरून आलेल्या मराठी कष्टकऱ्याला चिकटला. आणि त्याच मुंबईत पोट भरायला गेलेल्या गोंयकाराला काय म्हणायचे? माकापाव, म्हणजे 'मला पाव'.

[धोबीतलाव. जुन्या इमारतीचा लाकडी जिना.]

इथे गोव्यातल्या गावागावांचे क्लब होते. कोकणीत त्यांना कूड म्हणतात. काही अजून तग धरून आहेत. भिंतीकडेने पत्र्याच्या पेट्या, एका अंगाला वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. बोटीवर नोकरी लागेपर्यंत तारवटी, म्हणजे खलाशी, इथेच पथारी टाकायचे. त्या काळी गोव्याहून आलेल्यांत खानसामे होते, आया होत्या आणि व्हायोलिन वाजवणारेही होते.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्या वादकांतलं मोठं नाव. भारतीय राग आणि सिम्फनी यांचा मेळ घालण्यासाठी त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत भलामोठा वाद्यवृंद उभा केला. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. पुढे १९७७ च्या एका गाजलेल्या हिंदी चित्रपटात गुरूची आठवण म्हणून नायकाला हे नाव दिलं गेलं. पडद्यावरचा अँथनी दारूचा अड्डा चालवतो. नाव साऱ्या देशाच्या तोंडी झालं; ज्यांचं होतं, ते मात्र फारसे कोणाला ठाऊक झाले नाहीत.

सिनेमातला गोंयकार म्हणजे ख्रिस्ती आणि झिंगलेला. २०११ च्या जनगणनेत राज्यातले ६६ टक्के लोक हिंदू निघाले, ख्रिस्ती २५ टक्के. सिनेमाला त्याचं काही नाही.

[पर्वरी. बांधकाम. स्लॅब पडतोय.]

डोक्यावर घमेलं, शनिवारी पगार. घमेलं आणि पगार, दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडून आले. या शब्दांकडे कोणी पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला मागत नाही. माणसाला सरकारी नोकरी हवी, तर तो लागतो.

गोंयकाराची भीती मात्र खोटी नाही. जेमतेम पंधरा लाख लोकवस्तीचं राज्य. डोंगर कापले जातायत, शेतं बुजतायत, आणि आपली भाषा आपल्याच बाजारात कमी ऐकू येतेय. ज्याचं घर आहे, त्याला हे लागणारच. माझं म्हणणं वेगळं आहे. आसगावात कोट्यवधींचा बंगला घेणारा दिल्लीवालाही बाहेरचाच. त्याच्यावर लोक चिडतात, पण त्याला घाटी म्हणताना मी कोणाला ऐकलेलं नाही. तो बंगला बांधायला गदगहून आलेला मजूर घाटी, दारावरचा राखणदार घाटी. चोर्ल्याची उंची मोजायला निघालेला हा शब्द खिसा कधी मोजू लागला?

[म्हापसा बाजार. चवथीची गर्दी.]

चवथीला आमच्याकडेही माटोळी बांधतात, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळा-पानांची चौकट टांगतात. चंदगडला आईला ती ठाऊक नव्हती. ती इथे शेजारणीकडून शिकली. आता माटोळीला लागणारी कवंडाळं, ही रानफळं, कुठे चांगली मिळतात, ते शेजारणीच तिला विचारतात.

गेल्या चवथीला माटोळीचं सामान घेऊन निघालो होतो. एका पोराने वाटेत हातगाडी आडवी घातली. ब्रेक मारला आणि तोंडातून निघून गेलं, "घांटी खंयचो!"

स्कूटरवर मागे वडील बसले होते. काही बोलले नाहीत. उतरले, हातगाडीचं एक टोक धरलं आणि पोराला ती बाजूला घ्यायला मदत केली.