डोलकाठी सुटंना

(दृश्य: वाईचा बाजार, सकाळ. दोन मोटारसायकली एकामागोमाग, मागं बसलेल्या दोघांच्या खांद्यावर लांब काळी काठी.)

ही सासनकाठी नाही. बाजारातल्या निम्म्या लोकांना तसंच वाटलंय, एक आजी तर बघा, हात जोडून बाजूला झाल्यात. त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही, जोतिबाच्या चैत्र यात्रेत पहिला मान आपल्या साताऱ्याच्या निनाम पाडळीच्या काठीला, त्यामुळं इथं लांब काठी खांद्यावर दिसली की माणूस आधी नमस्कार करतो आणि मग विचारतो. पण ही काठी कार्बन फायबरची आहे, पोकळ आहे, आणि ती पाण्यावर चालते. विंडसर्फिंगचा, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहून वाऱ्यावर पाण्यातनं जायच्या खेळाचा, मास्ट म्हणतात हिला. मराठीत सरळ डोलकाठी म्हणा, जुना शब्द आहे आणि चांगला आहे.

लांबी ४६० सेंटिमीटर, म्हणजे पंधरा फुटाला इंचभर जास्त. खरं म्हणजे हिचे दोन तुकडे व्हायला पाहिजेत. मधे जोड आहे, एका तुकड्यातली नळी दुसऱ्यात सरकते, काम झालं की ओढून वेगळे करायचे, दोन्ही तुकडे जीपच्या टपावर टाकायचे आणि घरी. ते वेगळे होईनात म्हणून ही वरात.

(दृश्य: वळणावर अडकलेली काठी, टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय.)

इथं जरा बघाच.

(दृश्य: धोम धरणाचा जलाशय, मागं कमळगड.)

हे धोमचं पाणी. महाबळेश्वरवरनं निघालेली कृष्णा वाईत पोचायच्या आधी इथं अडवलीय. मे महिन्यात पाणी खाली जातं, काठाला गाळ उघडा पडतो, आणि दुपार झाली की वारं सुटतं. साताऱ्याला वाऱ्याचं काय अप्रूप, चाळकेवाडीच्या आणि वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या काय उगाच नाय लावल्यात. पण त्या वाऱ्यावर आपण वीज केली, पाचगणीच्या टेबललँडच्या आसपास पॅराग्लायडिंग केलं, पाण्यावर मात्र अजून पर्यटकांना लाईफजॅकेट घालून स्पीडबोटीत बसवतो आणि एक चक्कर मारून परत आणतो, एवढंच. ज्याची ही काठी आहे तो पोरगा तसलीच बोट चालवतो. गोव्यातनं सेकंडहँड बोर्ड, शीड आणि ही काठी घेऊन आला, मोबाईलवर बघून बघून शिकला. पडला किती वेळा ते मोजलेलं नाही, आमच्याकडं त्याचं फुटेज आहे आणि ते आपण शेवटी दाखवणार आहोत.

थोडं मागं जाऊ, कारण हा खेळ कुठनं आला ते सांगितल्याशिवाय काठीचं महत्त्व कळायचं नाही. अमेरिकेत १९६८ साली हॉयल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक या दोघांनी शीड लावलेल्या फळीच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९७० ला ते मिळालं. सगळी गंमत काठीच्या बुडाशी होती. साध्या होडीची डोलकाठी खांबासारखी घट्ट रोवलेली असते, इथं ती बुडाशी चौफेर वळणाऱ्या जोडावर उभी, वाटेल तिकडं कलते, आणि माणूसच तिला धरून उभा राहतो. म्हणजे सुकाणू नाही, शीड वळवायला दोऱ्या नाहीत, जे काय आहे ते तुमचे दोन हात. १९८४ ला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला, १९९२ ला बार्सिलोनात बायकांचाही सुरू झाला.

पण मला यातला आवडणारा भाग वेगळाच आहे. पेटंटवरनं इंग्लंडमध्ये कोर्टकेस झाली आणि तिथं सांगण्यात आलं की पीटर चिल्व्हर्स नावाच्या एका पोरानं हेलिंग आयलंडवर १९५८ सालीच असली फळी करून चालवली होती, वय वर्षं १२. कोर्टानं ते मानलं, आणि १९८५ ला तिथलं पेटंट उडालं. बारा वर्षांच्या पोरानं घरच्या घरी जोडलेल्या वस्तूपुढं कंपनीचा कागद टिकला नाही. हे मी आप्पांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "मग? पोरंच करत्यात असलं."

(दृश्य: आप्पांचं दुकान. भिंतीला छकड्याची चाकं टेकवलेली, खाली भुसा.)

हे आप्पा. सुतार. बैलगाडीची चाकं, शर्यतीचे छकडे, दाराच्या चौकटी. २०२३ ला सुप्रीम कोर्टानं शर्यतींना मान्यता दिल्यापास्नं छकड्याचं काम पुन्हा लागलंय असं ते सांगतात. विंडसर्फिंग त्यांनी आयुष्यात बघितलेलं नाही. तरी काठी इथं का आणली? कारण बाकी सगळं करून झालं होतं.

सगळं म्हणजे काय, तर आधी तालमीतली दोन पोरं. हे फुटेज आहे, बघा.

(दृश्य: धोमच्या काठावर दोन पैलवान, काठीची दोन टोकं धरून ओढतायत.)

एक इकडं, एक तिकडं, पाय गाळात रोवलेले. ज्या जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीतनं ब्राँझ आणलं त्या जिल्ह्यात मनगटाला कमी नाही. पण काठी गुळगुळीत, घामानं हात सटकतो, आणि काठी मजेत. मग हाताला माती लावली, आखाड्याच्या सवयीनं, ती माती जोडाच्या फटीपाशी आणखी जाऊन बसली. त्यानंतर ट्रॅक्टरला बांधून ओढायचा एक प्रकार झाला, तो शूट झालेला नाही, पुढं जाऊ.

आता ही अडकते कशानं. शीड ताणायला खालून दोरी जोरात ओढतात, मग काठी धनुष्यासारखी वाकते आणि तिचे दोन्ही तुकडे एकमेकांत आणखी दाबले जातात. जोडात वाळूचा एक कण जरी असला तरी तो पाचरीसारखा बसतो. शिवाय ही काठी गोव्याच्या समुद्रात वापरलेली, आत मीठ वाळलेलं, आणि वरनं धोमचा गाळ, पिठासारखा बारीक. जोडण्याआधी दोन्ही तोंडं गोड्या पाण्यानं धुवायची, पुसायची आणि जोडावर बाहेरनं इलेक्ट्रिकची टेप दोन वेढे मारायची, म्हणजे आत काय जात नाही. अर्ध्या मिनिटाचं काम. पोरगा म्हणतो वारं सुटलं होतं, घाई झाली. आणि मग चार दिवस तशीच जोडलेली ठेवली, तीच चूक मोठी.

(दृश्य: आप्पा काठीवर टिचकी मारून कानानं ऐकतायत.)

आप्पांनी आधी काठी वाजवून बघितली. मग सुतळीनं घेर मोजला. बोलले काही नाहीत. कोपऱ्यातनं बाभळीचे दोन ठोकळे काढले, वाळलेले, छकड्याच्या कामातनं उरलेले. प्रत्येक ठोकळ्यात काठीच्या मापाचं भोक. गिरमिटानं सुरुवात, गोल पटाशीनं मोठं, शेवटी कानशीनं गुळगुळीत. आणि मग भोकाच्या बरोबर मधनं ठोकळा उभा चिरला. इथं लक्ष द्या, मला हे समजायला वेळ लागला. चिरताना करवतीच्या पात्याएवढं लाकूड भुसा होऊन उडून जातं, म्हणून दोन अर्धी परत जुळवली की भोक काठीपेक्षा केसभर लहान भरतं. म्हणजे बोल्ट आवळला की पकड आपोआप येणार. कुठं आकडेमोड नाही, कागद नाही, करवतीनं खाल्लेल्या लाकडाचा हिशोब त्यांच्या डोक्यात आधीच होता.

आत सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर लावलं, कारण कार्बनवर नुसतं लाकूड पण घसरतं. दोन्हीकडं नटबोल्ट, आणि प्रत्येक ठोकळ्याला दोन-दोन फुटाचे दांडे. झाले दोन क्लॅम्प. एक काठीच्या वरच्या तुकड्याला, एक खालच्या, आणि दोघांनी उलट दिशेला पिळायचं.

पिळलं. हललं नाही.

(दृश्य: दुकानाच्या दारात तात्या, खांद्याला पिशवी.)

हे तात्या, हातपंपाचे मेकॅनिक. आले होते चहाला. इंडिया मार्क टूचे हातपंप उघडण्यात यांची हयात गेली, जमिनीत वर्षानुवर्षं गंजून बसलेले जीआय पाईप पान्यानं सोडवायचे हेच काम. पोरग्यानं त्यांच्या पिशवीतला पाईप पाना बघितला आणि म्हणाला तात्या, हा लावू का. तात्यांनी पिशवीच मागं सरकवली. "लोखंडाला दात चावला तर ओरखडा पडतोय लेका, ह्याला चावला तर फुटंल." बरोबर होतं ते. कार्बनची नळी वाकायला, ताणायला जबरदस्त, पण बाजूनं एका जागी चिमटली की चिरडते, आणि एकदा धागा तुटला की तिथनंच मोडणार. पाईप पाना, व्हाईस, असलं काही हिच्या जवळपास आणायचं नाही. ब्लोलॅम्प पण नाही, धागे ज्या रेझिनमध्ये बसवलेत ते उष्णतेनं मऊ पडतं.

मग तात्यांनी क्लॅम्पकडं बघितलं आणि विचारलं, आतली नळी कुठवर आलीय. पोरग्यानं बोटानं दाखवलं, जोडापास्नं वीतभर. आप्पांचा क्लॅम्प बरोबर त्या वितीवर बसलेला. म्हणजे आम्ही बाहेरची नळी आतल्या नळीवर आवळत होतो आणि वर म्हणत होतो सुटत का नाही! आप्पा पहिल्यांदा हसले. क्लॅम्प हातभर लांब सरकवला, आणि बोल्ट एकदम नाही, आलटून पालटून पाव-पाव आटा, म्हणजे दाब सगळीकडं सारखा.

(दृश्य: गोणपाट गुंडाळलेला जोड, वरनं पाणी, वाफ.)

दुसरी गोष्ट पाणी. जोडावर गोणपाट गुंडाळलं, काठी तिरकी ठेवली आणि गरम पाणी हळूहळू सोडत राहिले. उकळतं नाही, हाताला चटका बसेल इतपत. पोरग्याला वाटलं गरम झाली की बाहेरची नळी फुगंल. लोखंडाची असती तर फुगली असती, कार्बन उष्णतेनं नावालाच वाढतो. पाण्याचं काम वेगळं आहे, आतलं मीठ विरघळवायचं आणि गाळ ओला करायचा. म्हणून घाई चालत नाही. दोन तास गेले, चहा दोनदा झाला, तात्या मधेमधे लाकडी मोगरीनं जोडाच्या भोवती हलकं ठोकत होते, टक, टक, सगळीकडनं सारखं, दाराला पाहुण्यानं वाजवावं तसं. त्या ठोक्यानं कण जागचा हलतो आणि पाणी आत शिरतं.

(दृश्य: चौघं जमिनीवर बसलेले, दोन-दोन एका क्लॅम्पला.)

आणि आता पिळायचं, पण एकाच दिशेला जोर लावत बसायचं नाही. थोडं इकडं, थोडं तिकडं. तात्यांचं सूत्र हेच, गच्च बसलेल्या वस्तूला आधी डुलवायचं. ओढायचं तर नाहीच, निदान फिरायला लागेपर्यंत. ओढाओढीत चौघांचं बळ वाया जातं, पिळताना दोन फुटाच्या दांड्यामुळं तेच बळ कितीतरी पट होतं. पैलवान नको, दांडा पाहिजे.

(दृश्य: जोडाचा क्लोजअप. पेन्सिलनं मारलेली रेघ दोन्ही तुकड्यांवरनं जाते.)

ही रेघ आप्पांनी मारली होती. बघत रहा. आवाज असाच ठेवलाय.

(निवेदन नाही. कर्र असा आवाज. रेघ तुटते, दोन्ही अर्धी बाजूला सरकतात.)

गव्हाच्या दाण्याएवढी सरकली. तेवढी सरकली म्हणजे काम झालं. पाच मिनिटांत ती अंगठ्याएवढी सरकली, मग फिरवत फिरवत, सरळ रेषेत धरून, ओढलं. सरळ रेषेत हे महत्त्वाचं, अर्धवट बाहेर असताना काठी खाली लवली तर आतली नळी तडकते, म्हणून तालमीतली तीच दोन पोरं बोलावली आणि त्यांना फक्त काठी उचलून धरायला लावली. शेवटी बाटलीचं बूच निघावं तसा आवाज, आतनं मूठभर चिखल आणि पांढरी पूड. आप्पांनी ती पूड बोटावर घेऊन चाखली. खारट. "गोव्याचं हाय," म्हणाले.

खालच्या तुकड्याच्या तोंडाला केसाएवढी चीर आहे, बहुतेक ट्रॅक्टरची, तिच्यावर ग्लास फायबर आणि रेझिन लावलंय आणि लहान शिडालाच वापरणार, मोठ्या वाऱ्याचे मे महिन्यातले दहा-बारा दिवस मात्र गेले.

क्लॅम्प आप्पांनी पोरग्याला द्यायचे म्हटले. पण तात्यांनी त्यातला एक मागून घेतला, हल्ली बोअरला प्लास्टिकचे पाईप बसवतात, त्यांना पान्याचे दात चालत नाहीत, हे बरं पडेल म्हणाले. दुसरा दुकानात खिळ्याला टांगलाय, चाकांच्या शेजारी. आप्पांनी पैसे किती घेतले ते त्यांनी सांगू नका म्हणून सांगितलंय.

(दृश्य: धोमचा काठ, दुपार. पोरगा ताडपत्री अंथरून तिच्यावर काठीचे दोन तुकडे ठेवतो. तोंडं धुतो, फडक्यानं पुसतो. जोडतो. निळी टेप, एक वेढा, दोन वेढे.)

आप्पा पहिल्यांदाच आलेत इकडं. टोपी हातात धरलीय, वाऱ्यानं उडते म्हणून.

(दृश्य: शीड उभं राहतं. पोरगा पडतो. परत चढतो. पडतो. इथनं पुढं निवेदन नाही, वाऱ्याचा आणि पाण्याचा आवाज ठेवायचा, आप्पांचा चेहरा कापू नका.)