काटा अडकला म्हणून चालणं वाढवू नका

अध्यक्ष महोदय आणि एवढ्या उन्हातून आलेल्या सगळ्या मंडळींना नमस्कार.

पत्रिकेवर विषय छापला आहे, "वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर अडकणारा काटा आणि व्यायाम". शस्त्रक्रिया म्हणजे काय, हे मी फार सांगत बसणार नाही. ज्यांचं स्लीव्ह किंवा बायपास झालंय, ज्यांच्या घरात कुणाचं झालंय, आणि डॉक्टरांनी सुचवलंय पण मन धजत नाही, अशीच मंडळी समोर दिसताहेत. तरी दोन ओळीत सांगते. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. बायपासमध्ये वरच्या बाजूला जेमतेम ३० मिलीची पिशवी ठेवून तिला लहान आतडं जोडतात. जेवण कमी जातं, आणि भुकेची संप्रेरकंही बदलतात. पहिल्या वर्ष-दीड वर्षात बहुतेक वजन उतरतं. त्या वाटेवर कधी ना कधी वजनकाट्यावरचा काटा अडकतो, म्हणजे वजन उतरायचं थांबतं, आणि माणूस घाबरतो. असे तीन अडथळे आणि त्या-त्या वेळचा व्यायाम मला सांगायचा आहे. पण त्याआधी एक गोष्ट बोलून घेते. फिजिओथेरपिस्ट म्हणून ती मला सतत दिसते आणि सतत सलते.

आपल्या साताऱ्यात व्यायाम म्हटलं की चालणं. पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला जा, निम्मं गाव तिथं भेटतं. यवतेश्वरच्या घाटातून दरवर्षी २१ किलोमीटरची हिल मॅरेथॉन धावते, आणि तिच्या सरावासाठी वर्षभर घाटात माणसं असतात. मला या गावाचं फार कौतुक आहे. पण शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या माणसाच्या हातातल्या कागदावर व्यायामाची एकच ओळ असते, "रोज चालणे". किती दिवस, पुढे काय, ताकदीचं काय, यातलं काहीही नसतं. मग काटा अडकला की घरचे म्हणतात, चालणं वाढव. गडावर भेटणारे विचारतात, "काय ताई, किती उतरलं?" आणि आकडा तोच असला की सल्ला देतात, "अजून एक फेरी मारा, आणि रात्रीचं जेवण बंदच करा."

असा सल्ला मनावर घेतलेल्या एक बाई माझ्याकडे आल्या. शेचाळिशीच्या, शाळेत शिक्षिका. वजन ११२ किलो होतं, गुडघे बोलायला लागले होते, साखर वाढलेली. स्लीव्ह झालं आणि पाच महिन्यांत त्या ८६ वर आल्या. साखरेच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या. घरात आनंद. नंतर दीड महिना काटा ८६ वरून हलेना. बाईंनी गडाची एक फेरी होती तिच्या दोन केल्या, पहाटे आणि संध्याकाळी. अर्धी भाकरी खात होत्या ती पाव केली. शेजारणीनं सांगितलं म्हणून सकाळी नुसतं लिंबू-मध. वजन रोज बघायचं, कधी दिवसातून दोनदा. केस हातात यायला लागले. माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, ऑपरेशन फेल गेलं का?"

मी वजन विचारलंच नाही. शाळेत कशा जाता, असं विचारलं. म्हणाल्या, एसटीनं. पायरी चढता येते का? त्या गप्प झाल्या. मग हळूच सांगितलं, पायरी उंच असते ना, दांड्याला दोन्ही हातांनी धरून अंग वर ओढावं लागतं. श्रावणात एका घरी पंगतीला बसल्या होत्या, उठताना दोघींनी हात दिला.

आता विचार करा. अंगावरून २६ किलो ओझं उतरलंय. रोज दोनदा गड चढतात. दम चांगला टिकतो, मला त्यांच्या दमाचं कौतुकच वाटलं. आणि तरी जमिनीवरून उठता येत नाही. मी त्यांना बिनहातांच्या खुर्चीवर बसवलं, हात छातीशी घ्यायला लावले आणि म्हटलं, अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा पूर्ण उठा, पूर्ण बसा. ही आमच्या क्षेत्रातली नेहमीची चाचणी आहे. साठी ओलांडलेल्या बायकांनीही बारा वेळा उठावं अशी अपेक्षा असते. बाई सात वेळा उठल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

उतरलेल्या वजनात सगळी चरबी नसते. त्यात स्नायूही असतो, आणि जेवण एकदम कमी झालेलं असताना तो बऱ्यापैकी जातो. बाई पाव भाकरी आणि लिंबू-मधावर दोन फेऱ्या मारत होत्या, म्हणजे स्नायूला ना काम मिळत होतं ना अन्न. गड चढणं हे पायांना ओळखीचं झालेलं काम. त्यातून नवी ताकद येत नव्हती.

आणि काटा का अडकतो? ते नीट समजून घ्या, कारण त्याचा दोष माणसं स्वतःला देतात. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला होता. चोवीस आठवडे निम्मा आहार, आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. त्यांचं वजन जवळपास चतुर्थांश उतरलं. पण शेवटच्या आठवड्यांत वजनाची रेषा सपाट होत गेली. चालणं तेवढंच, जेवण तुटपुंजं, आणि तरी. पगार निम्मा झाला की घर चालवणारी बाई जसा एकेक खर्च आखडते, तसं शरीर करतं. हृदयाचे ठोके मंदावतात, हात-पाय गार पडतात, माणूस नकळत कमी हलतो. वर वजन कमी झालं की तेच अंतर चालायला इंधनही कमी लागतं. अलीकडचं उदाहरण सांगते. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतले १४ जण सहा वर्षांनी तपासले. २०१६ मध्ये ते संशोधन छापून आलं. त्यांचं शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी कमी खर्च करत होतं, आणि गेलेलं बरंचसं वजन परत आलेलं होतं. शस्त्रक्रियेचा मोठा फायदा इथं आहे. खर्च तिच्यानंतरही आखडतो, पण भूक तितकी उसळत नाही.

म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं आहे की काटा अडकलेला काळ हा ताकद कमवायचा काळ आहे. आणि त्यासाठी आपल्याला दूर जायला नको. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले ते याच जिल्ह्यात. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार घालायला लावले, तेही इथलेच. जोर आणि बैठका आपल्या तालमीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या, पण त्या पुरुषांच्या, तेही पैलवानांच्या, असं आपण ठरवून टाकलं. पंचेचाळिशीच्या बाईला बैठका मारायला सांगितलं की सासूबाई माझ्याकडे बघतात! गुडघे जातील म्हणतात. हळूहळू वाढवलेल्या बैठकांनी मांडीची ताकद वाढते आणि गुडघ्याला आधार मिळतो. गुडघा आधीच दुखत असेल तर बैठक किती खोल घ्यायची ते दाखवून घ्या, पण सोडू नका.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिली आहेत, म्हणजे आता भरभर.

पहिला अडथळा तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. यकृतात आणि स्नायूत साठवलेली साखर चारशे-पाचशे ग्रॅम असते आणि प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी. सुरुवातीला हे पाणी गेल्यामुळे काटा धावतो, मग थांबतो. काही करू नका. घरातल्या घरात थोडं थोडं चाला. चार ते सहा आठवडे जड उचलायचं नाही. त्यात हंडा आला, सिलिंडर आला, आणि आजीबाई, नातूही आला.

दुसरा पाच-सहा महिन्यांनंतरचा, त्या शिक्षिका बाईंचा. सर्जनना विचारून आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम. खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून जोर, ते सोपे झाले की ओट्याला, मग जमिनीवर. पाण्यानं भरलेली पिशवी कमरेकडे ओढणं. प्रत्येकी आठ ते बारा वेळा, दोन-तीन फेऱ्या, शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. सोपं वाटलं की वजन वाढवा, ही पायरी कुणी करत नाही. एक खोटी आशा मात्र देणार नाही. स्नायू वाढवला की झोपेतही चरबी जळते अशा जाहिराती असतात. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला जेमतेम १३ किलोकॅलरी खर्च करतो. शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामानं वजन आणखी दोन-अडीच किलोच उतरतं, असं चाचण्यांत दिसतं. ताकद मात्र टिकते, आणि हाडांना आधार मिळतो, कारण शस्त्रक्रियेनंतर हाडंही विरळ होतात. सोबत दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं. वाटीभरच जेवण जातं, तर त्यात आधी अंडं, पनीर, मासा किंवा घट्ट वरण, भाकरी मागून. बी-१२, लोह, कॅल्शियम चुकवायचं नाही.

बाईंचं पुढे काय झालं? तीन महिन्यांत वजन दोनच किलो उतरलं. कंबर नऊ सेंटिमीटर कमी झाली, शिंप्यानं ब्लाउज दोनदा आत घेतला, आणि त्या खुर्चीवरून सोळा वेळा उठल्या. एसटीची पायरी एका हातानं. गड अजूनही चढतात, एकदाच.

तिसरा दीड वर्षानंतरचा. इथं वजन बहुधा आपल्या मुक्कामाला आलेलं असतं, थोडं परतही चढतं. आता चालण्याचं खरं काम सुरू होतं, कारण उतरलेलं वजन टिकवायला ते उपयोगी पडतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगते, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. पातळ गोडावर लक्ष ठेवा. लहान झालेलं जठर उसाचा रस, बासुंदी, साखरेचा चहा अडवत नाही. कंदी पेढाही दुधासारखाच सहज उतरतो, साताऱ्यात राहून हे बोलायला मला जड जातंय! वजन आठवड्यातून एकदाच बघा, कंबर महिन्यातून एकदा मोजा.

वजन महिनोन्‌महिने चढतच असेल, उलट्या होत असतील, चक्कर येत असेल, पायाला मुंग्या येत असतील तर व्यायाम वाढवून बघू नका, सर्जनकडे परत जा. ओरडतील म्हणून पुष्कळ जण जात नाहीत. जा. त्यावर तपासण्या आहेत, औषधं आहेत, उपाय आहेत.

झोपेबद्दल बोलायचं राहिलं, ते प्रश्नांत येईल. मागच्या रांगेतल्या काकूंचा हात केव्हापासून वर आहे. विचारा काकू.