वर गेला, पण वाचतो का?

(दृश्य: जिल्हा परिषद शाळेचं अंगण. ध्वजवंदन नुकतंच झालंय. व्हरांड्यात आया बसल्यात, काहींच्या कडेवर धाकटी.)

१ मे. महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन आटोपलं की आपल्याकडच्या कितीतरी शाळांत निकाल वाटतात. प्रगतिपुस्तक हातात येतं. आई ते उलटंसुलटं करून बघते आणि विचारते, "बाई, वर गेला ना?"

"हो, चौथीत गेला."

आई प्रगतिपुस्तक पिशवीत ठेवते, पोराच्या डोक्यावरून हात फिरवते आणि घरी निघते. तिला हवं होतं ते उत्तर मिळालं. पण त्याला वाचता येतं का, हे तिनं विचारलं नाही आणि तिला ते कुणी आपणहून सांगितलंही नाही. पुढची काही मिनिटं आपण त्याबद्दलच बोलणार आहोत.

(दृश्य: प्रगतिपुस्तकाचं पान, श्रेणीचा रकाना जवळून.)

आधी हे 'वर जाणं' समजून घेऊ. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला त्याच वर्गात मागं ठेवायचं नाही, असं त्यात लिहिलं होतं. त्यामागचा विचार आम्हाला आजही पटतो. पहिली-दुसरीत नापासाचा शिक्का बसलेलं मूल शाळेपासून तुटतं, आणि मुलगी असेल तर घरचेच म्हणतात, आता बस झाली शाळा. म्हणून वार्षिक परीक्षेच्या धसक्याऐवजी वर्षभर मुलाकडं लक्ष ठेवायचं आणि कमी पडेल तिथं लगेच मदत करायची, असं ठरलं. प्रगतिपुस्तकात अ-१ पासून इ-२ पर्यंतच्या श्रेणी आल्या त्या यातूनच. ड म्हणजे ३३ ते ४० टक्के. त्याखाली इ-१ आणि इ-२. मूल इ मध्ये असेल तर त्याला जादा मार्गदर्शन करून वर आणणं हे शाळेचं काम आहे.

घरोघरी मात्र याचा एकच अर्थ पोचला: आठवीपर्यंत कुणी नापास होत नाही.

हा अर्थ आता जुना झालाय. २०१९ मध्ये कायदा बदलला. पाचवीच्या आणि आठवीच्या शेवटी परीक्षा आली आणि मुलाला मागं ठेवायचं की नाही हे ठरवायची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये आपले नियम बदलले. आपल्या राज्याच्या अभ्यासक्रमाच्या शाळेत आता पाचवीच्या मुलाची तीन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या विषयांची वार्षिक परीक्षा होते. प्रत्येक विषयाला ५० गुण, पास व्हायला ३५ टक्के. एखाद्या विषयात राहिला तर शाळेनं त्याला जादा शिकवायचं आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची. तिच्यातही राहिला तर तो पाचवीतच बसतो. एक गोष्ट मात्र बदललेली नाही: आठवी पूर्ण होईपर्यंत शाळा त्याचं नाव काढून टाकू शकत नाही. "दाखला घेऊन जा," असं कुणी म्हणालं तर हे लक्षात असू द्या.

म्हणजे पहिली ते चौथी सरळ रस्ता आणि पाचवीच्या टोकाला फाटक. चार वर्षं कुणी अडवत नाही, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटत राहतं. मग परिसर अभ्यासाचा पेपर हातात पडतो. उत्तर मुलाला कदाचित माहीतही असतं, कारण विहीर, ओढा, पीक हे सगळं त्याच्या रोजच्या बघण्यातलं. पण प्रश्नच वाचता येत नाही. फाटकाशी त्याला अडवतं ते बहुतेक वेळा वाचन, आणि ते सुटलेलं असतं दुसरीत.

(दृश्य: एक मुलगी पाटीवर बोट ठेवून वाचतेय. क... म... ल... कमल.)

कुठल्या इयत्तेत किती वाचता आलं पाहिजे? लहान मुलांना वाचन आणि हिशेब पक्का यावा म्हणून देशात ५ जुलै २०२१ ला निपुण भारत अभियान सुरू झालं, त्यात हे स्पष्ट सांगितलंय. पहिलीच्या शेवटी मुलानं चार-पाच सोप्या शब्दांची, आधी न पाहिलेली वाक्यं वाचावीत. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द. तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६०, आणि वाचलेलं समजलं पाहिजे.

हा वेग कशासाठी? 'गा... य... गाय... रा... ना... त' असं एकेक अक्षर जुळवत मूल वाक्याच्या शेवटी पोचतं, तोवर सुरुवातीची गाय डोक्यातून निघून गेलेली असते. अक्षरं सगळी वाचली, हाती काहीच लागलं नाही. शब्द नजरेसरशी ओळखता आला की मन अर्थाकडं वळायला मोकळं होतं. वेगाचा उपयोग एवढाच. म्हणून कळकळीची विनंती आहे, घड्याळ लावून मुलाच्या मानगुटीवर बसू नका.

देशभरातलं चित्र काय आहे तेही ऐका. 'असर' या सर्वेक्षणात गावातल्या मुलांना घरी जाऊन वाचायला देतात. अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. २०२४ च्या पाहणीत सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी होती २३.४ टक्के. २०२२ मध्ये हाच आकडा १६.३ होता. सुधारणा आहे, आणि ती शिक्षकांच्या कष्टाची आहे. तरीही चारातली तीन मुलं गोष्टीपर्यंत पोचलेली नाहीत.

(दृश्य: स्वयंपाकघर. आई भाकरी थापतेय, शेजारी मुलगा पुस्तक घेऊन बसलाय.)

आपलं मूल कुठं आहे हे घरी दहा मिनिटांत कळतं. त्याचं नेहमीचं पुस्तक मात्र घेऊ नका. पहिला धडा मुलांना तोंडपाठ असतो आणि ती इतकी छान म्हणतात की आपल्याला वाटतं, वाचतोय. शाळेच्या पेटीतलं एखादं गोष्टीचं पुस्तक आणा. चित्रावर हात ठेवा, नाहीतर चित्र बघून अंदाज करतात. मधल्याच शब्दावर बोट ठेवून विचारा, हा कुठला? मग पान वाचू द्या, पुस्तक मिटा आणि म्हणा, "सांग बरं, काय झालं गोष्टीत?"

ज्या आईला स्वतःला अक्षर येत नाही, तिलाही हे करता येतं. अडखळणं कानाला कळतं. गोष्ट सांगता आली की नाही, तेही कळतं.

लग्नपत्रिका मात्र वाचायला देऊ नका. तिच्यात जोडाक्षरांची एवढी गर्दी असते की चांगलं वाचणारं मूलही घाबरून जाईल. एसटीची पाटी चांगली, किराणा दुकानाची यादीही चांगली.

आणि अडलं तर? अख्खी बाराखडी पुन्हा पहिल्यापासून घोकून घेऊ नका. क, म, ल आणि एक काना घ्या. एवढ्यात काम, काल, लाल, माल, मला, काका, मामा, कमाल असे कितीतरी शब्द तयार होतात. मुलाला पहिल्याच दिवशी शब्द वाचल्याचा आनंद मिळतो. मग पुढची चार अक्षरं.

(दृश्य: मेळघाटातला पाडा. मग उसाच्या फडातली कोपी, म्हणजे ऊसतोड कुटुंबाची झोपडी.)

काही घरांची गोष्ट वेगळी आहे. घरी कोरकू, पावरी किंवा गोंडी अशी आदिवासी भाषा बोलणारं मूल शाळेत मराठी अक्षरं पटापट जुळवतं, पण शब्दाचा अर्थच त्याच्या ओळखीचा नसतो. अशा मुलाला 'कच्चं' म्हणणं अन्याय आहे. त्याला एकाच वेळी दोन गोष्टी शिकायच्या आहेत. तुम्ही घरी तुमच्याच भाषेत भरपूर गोष्टी सांगा, आणि गुरुजींना विनंती करा की शब्द शिकवताना आमच्या बोलीतला शब्दही घ्या. तसंच बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांचं. दिवाळीनंतर बैलगाडी निघते ती उन्हाळ्यापर्यंत परतत नाही, आणि मूल बरोबर गेलं तर वाचनाचे नेमके महत्त्वाचे महिने फडात जातात. निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या, म्हणजे जिथं जाल तिथल्या शाळेत मुलाला बसता येईल. मूल गावातच राहून शिकावं म्हणून हंगामी वसतिगृहाचीही चौकशी करा.

अक्षरं उलटसुलट दिसतात, फळ्यावरचं कळत नाही, असं मूल सारखं म्हणत असेल तर आधी डोळे आणि कान तपासा. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. ओरडून उपयोग नसतो, कधीकधी नुसता चष्मा पुरतो.

शाळेत गेल्यावर एवढंच विचारा: "बाई, वाचनात माझं मूल कुठल्या स्तरावर आहे? अक्षर, शब्द, वाक्य की गोष्ट?" शिक्षकांना हे शब्द रोजचे आहेत, ते लगेच सांगतील. पुढं विचारा, "दिवाळीपर्यंत कुठवर न्यायचं, आणि मी घरी काय करू?" सांगितलेलं लिहून घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. बैठकीत छपराचे पत्रे आणि भिंती यांच्याबरोबर हाही विषय घ्यायला सांगा: दुसरी-तिसरीतली किती मुलं अजून अक्षरांवरच आहेत?

(दृश्य: संध्याकाळ. ओटा. मुलगा वाचतोय, आजी ऐकतेय.)

तो एका शब्दावर थांबलाय. आजी काहीच बोलत नाही, वाट बघते. तो पुन्हा बोट ठेवतो, जुळवतो, म्हणतो. मग पुढची ओळ.

"मग? लांडगा गेला का?" आजी विचारते.

"थांब ना आजी, वाचतोय."