अणू, रेणू आणि पाण्याचे सूत्र
(बडोद्यात विज्ञानशिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

शिक्षक बंधुभगिनींनो, अणुसिद्धांताचा इतिहास शिकवताना डाल्टन, थॉमसन, रदरफर्ड, बोर ही नावे आपण ओळीने फळ्यावर लिहितो आणि प्रत्येकाने आधीच्याची चूक सुधारली असे सांगून पुढे जातो. मला आज एकाच प्रश्नापाशी थांबायचे आहे. पाणी एच-टू-ओ आहे, हे कशावरून ठरले?

९ ग्रॅम पाण्यात १ ग्रॅम हायड्रोजन आणि ८ ग्रॅम ऑक्सिजन असतो, हे तराजू सांगतो. अणू किती, हे मात्र सांगत नाही. दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग माहीत असेल तर त्यात दोहोंचा एकेक अणू धरावा, असा नियम डाल्टनने घातला आणि १८०८च्या ग्रंथात पाण्याला तोच लावला. तसे धरले तर ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या ८ पट जड ठरतो, हायड्रोजनचे अणू दोन धरले तर १६ पट. हे गणित मुलांनाच करू द्यावे. दोन्ही उत्तरे वजनांशी जुळतात हे त्यांना स्वतःच्या वहीत दिसले पाहिजे.

त्याच सुमारास फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅकने दाखवले की हायड्रोजनची दोन आकारमाने आणि ऑक्सिजनचे एक मिळून वाफेची दोन आकारमाने होतात. सारख्या आकारमानात कणही सारखेच असतील, तर ऑक्सिजनच्या प्रत्येक कणाचे दोन भाग व्हायला हवेत, आणि अणू तर अविभाज्य! डाल्टनने ती मोजमापेच मानली नाहीत. १८११मध्ये इटालियन शास्त्रज्ञ आव्होगाद्रोने सुचवले की ऑक्सिजनचा कण मुळात दोन अणूंची जोडी, म्हणजे आज आपण ज्याला रेणू म्हणतो तो, आहे. तुटते ती जोडी, अणू नव्हे. या उलगड्याकडे बहुतेक रसायनशास्त्रज्ञांनी जवळजवळ अर्धे शतक लक्ष दिले नाही. १८६०मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूहला भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत इटालियन रसायनशास्त्रज्ञ कॅनिझारोने तो पुन्हा मांडला, तेव्हा आव्होगाद्रो जाऊन चार वर्षे झाली होती.

अणू कशाला म्हणावे, रेणू कशाला, हाच त्या परिषदेपुढचा प्रश्न होता, आणि बडोद्याच्या मराठी घरांत तो आजही रोज उभा राहतो. मुलगा शाळेत गुजरातीतून 'परमाणु' आणि 'अणु' शिकतो. घरी आजोबा त्याच दोन गोष्टींना 'अणू' आणि 'रेणू' म्हणतात. म्हणजे एकाचा अणू तो दुसऱ्याचा रेणू! हा गोंधळ मला अडचण वाटत नाही. धडा सुरू करायला याहून चांगली जागा नाही, कारण डाल्टनच्या काळातही 'अणू' हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला जात होता.

मग पाण्याचे विद्युत अपघटन, म्हणजे वीज सोडून पाण्याचे दोन वायू वेगळे करणे, करून दाखवावे. एका नळीत दुप्पट वायू जमलेला पाहून मुले लगेच एच-टू-ओ म्हणतील. तेव्हा त्यांना विचारावे: दोन्ही वायूंच्या सारख्या आकारमानात कण सारखेच असतात, हे तुम्ही कशावरून धरले?