सोन्याच्या ठोकळ्यातल्या खिडक्या

(दृश्य: रात्र. इंदूर, रामबागेतलं घर. टेबलावर लॅपटॉप. पडद्यावर चौकोनी डोंगर, चौकोनी झाडं आणि मधोमध एक पिवळा ठोकळा.)

हा ठोकळा सोन्याचा आहे. मायनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या व्हिडिओ गेममध्ये सोन्याच्या सात विटा, थोडा रेडस्टोन (खेळातली लाल भुकटी) आणि एक काच जुळवली की हा कॉम्प्युटर तयार होतो. त्याच्यावर क्लिक केलं की पडदा उघडतो, आणि त्यावर खराखुरा प्रोग्राम लिहिता येतो.

माझा धाकटा भाऊ गेले आठ महिने या ठोकळ्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय. साधी नव्हे, विंडोवाली. माउसने धरून ओढता येतील, एकमेकींवर चढतील अशा विंडो. आईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "अरे, खेळातल्या कॉम्प्युटरला हे कशाला हवंय?" माझ्याकडेही तेव्हा उत्तर नव्हतं. म्हणून कॅमेरा घेऊन त्याच्या शेजारी बसले.

हा कॉम्प्युटर खेळात आला तो कॉम्प्युटरक्राफ्ट नावाच्या मॉडमुळे, म्हणजे मूळ खेळाला बाहेरून जोडलेल्या भरीमुळे. डॅनियल रॅटक्लिफ यांनी तो 2011 च्या डिसेंबरमध्ये आणला. आज लोक वापरतात ती त्याची पुढची पिढी, सीसी ट्वीक्ड. प्रोग्राम लिहायची भाषा लुआ, ब्राझीलमध्ये 1993 साली जन्मलेली. ठोकळ्यात क्राफ्टओएस नावाची छोटी सिस्टिम आधीपासून असते: काळा पडदा, त्यावर आज्ञा टाइप करायच्या. भाऊ तिच्याच खांद्यावर आपली सिस्टिम उभी करतोय, आणि हे तो स्वतःहून सांगतो.

आता जागा बघा. आडवी 51 अक्षरं, उभ्या 19 ओळी. एकूण 969 घरं. रंग 16. सगळ्या फायलींसाठी मिळून साधारण 10 लाख बाइट. मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा बरेचदा याहून मोठा असतो.

(दृश्य: वहीचं चौकटीचं पान. पेन्सिलीने काढलेले दोन आयत, एकमेकांवर आलेले.)

सुरुवात या पानापासून झाली. दोन विंडो एकमेकींवर आल्या की खालचीचा काही भाग झाकला जातो. वरची सरकवली की तो भाग परत दिसायला हवा. पण पडद्याला काही आठवत नसतं. त्याच्यावर शेवटचं जे लिहिलं, तेवढंच तिथे असतं. म्हणून प्रत्येक विंडोने आपलं चित्र स्वतःजवळ जपायचं. प्रत्येक ओळीसाठी तीन ओळी साठवायच्या: एक अक्षरांची, एक अक्षरांच्या रंगाची, एक मागच्या रंगाची, तिन्ही सारख्याच लांबीच्या. रंग शून्य ते नऊ आणि ए ते एफ अशा खुणांनी लिहायचे.

मग क्रम. सगळ्या विंडो एका यादीत. रंगवताना मागून पुढे यायचं, म्हणजे वरची आपोआप वर राहते. आणि क्लिक झालं की विचारत जायचं पुढून मागे: "तुझ्यावर झालं का? तुझ्यावर?" जी पहिली हो म्हणेल, ती यादीत सगळ्यात पुढे. हे त्याने मला समजावलं तेव्हा मी इतकी वर्षं वापरत असलेल्या लॅपटॉपकडे नव्याने बघितलं.

मोठमोठ्यांनाही हे सुखासुखी मिळालेलं नाही. मायक्रोसॉफ्टची पहिली विंडोज 1985 मध्ये आली, तेव्हा तिच्यातल्या विंडो एकमेकींवर चढतच नव्हत्या. फरश्या मांडाव्यात तशा शेजारी शेजारी. एकमेकींवर चढणाऱ्या विंडो 1987 च्या दुसऱ्या आवृत्तीत आल्या. ही तारीख भावाने भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवली आहे. अडला की तिकडे बघतो.

(दृश्य: पडद्यावर विंडो ओढली जाते आणि एकदम उडी मारते.)

ही उडी बघितलीत? या एका उडीने त्याचे तीन दिवस खाल्ले. टायटल बार, म्हणजे विंडोच्या माथ्यावरची नावाची पट्टी, मधोमध धरला तरी ओढायला सुरुवात केली की विंडोचा डावा कोपरा कर्सरखाली येऊन बसायचा. कारण सापडलं ते जेवताना. ताट सरकवताना आपण काठाला जिथे धरतो, तिथेच आपला हात राहतो. विंडोलाही हेच सांगायचं होतं: कुठे धरलं ते आधी लक्षात ठेव, मग सरक. एवढ्यासाठी एकच आकडा साठवायचा होता.

दुसरी चूक याहून बारीक. बंद करायच्या फुलीवर क्लिक केलं तर फुलीच्या डावीकडचं घर दाबलं जायचं. लुआ मोजते एकपासून, आपल्या पाढ्यांसारखी. विंडो दहाव्या घरापासून सुरू होते आणि क्लिकही दहाव्या घरात झालं, तर विंडोच्या हिशोबाने ते पहिलं घर. दहातून दहा वजा केले की उरतं शून्य. वर एक मिळवायचा राहून गेला होता.

पण या सगळ्या कामाचा गाभा वेगळाच आहे, आणि मला तो आमच्या गणपतीच्या महाप्रसादात उमगला.

(दृश्य: पंगत. वाढपी वरणाची बादली घेऊन ओळीने पुढे जातो.)

या ठोकळ्यात एका वेळी एकच प्रोग्राम चालतो. घड्याळ, गणकयंत्र, नोंदवही या सगळ्या विंडो एकदम चालल्यासारख्या दिसतात, कारण प्रत्येक प्रोग्राम आपलं काम झालं की थांबतो आणि पुढच्याला पाळी देतो. लुआमध्ये याला कोरुटीन म्हणतात. भावाची सिस्टिम म्हणजे वाढपी. की दाबली गेली, माउसचं क्लिक झालं, टायमर वाजला, अशी प्रत्येक घटना घेऊन ती पंगतीतून फिरते. ज्याने सांगितलं असेल "मला फक्त टायमर वाढा", त्याच्या पानावर माउस वाढायचा नाही. आणि एकानेच वाढप्याला धरून ठेवलं, तर पुढची सगळी पंगत उपाशी. म्हणून सात सेकंद कुणी पाळी सोडली नाही, तर खेळच त्या प्रोग्रामला उठवतो आणि चूक दाखवतो.

घरातल्या जुन्या विंडोज 3.1 मध्येही असंच होतं. एक प्रोग्राम अडून बसला की सगळा कॉम्प्युटर गोठायचा. आजच्या मशीनवर हे जवळजवळ दिसत नाही, सिस्टिम प्रोग्रामच्या हातून वेळ काढून घेते. इथे मात्र प्रत्येक प्रोग्रामला स्वतःहून पाळी सोडावी लागते. भावाने नोंदवहीत शोधण्याची सोय केली, तेव्हा मोठ्या फायलीत शोधताना घड्याळाचा काटा थांबायचा. आता दर पन्नास ओळींनंतर नोंदवही क्षणभर थांबते. शोधायला थोडा वेळ जास्त लागतो, पण घड्याळ चालू राहतं. हा निर्णय मला फार आवडला.

आणखी एक गोष्ट. खेळाडू ठोकळ्यापासून लांब गेला की खेळ जगाचा तो भाग बंद करून ठेवतो, आणि कॉम्प्युटर बंद पडतो. परत आल्यावर सगळं पहिल्यापासून. म्हणून प्रत्येक विंडो कुठे होती, केवढी होती, हे फायलीत लिहून ठेवावं लागतं.

(दृश्य: काळा पडदा. ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं उमटतात.)

शेवटचा हट्ट मराठीचा. या कॉम्प्युटरच्या अक्षरसंचात देवनागरी नाही. पण 32 खास चिन्हं आहेत, एका घराचे सहा ठिपके करणारी: दोन आडवे, तीन उभे. सहा ठिपक्यांचे प्रकार होतात 64. उरलेले 32 मिळतात अक्षराचा आणि मागचा रंग उलटा केल्यावर. अशा रीतीने 51 बाय 19 घरांतून 102 बाय 57 ठिपके निघतात. टायटल बारवर मराठी लिहायचं तर तीन ओळी जातात, ते परवडत नाही. पण सिस्टिम सुरू होतानाचा पडदा मोकळाच असतो.

त्यावर त्याने शिरोरेषा ओढून गावाचं नाव काढलं, बाहेर सगळ्या पाट्यांवर असतं तसं. आजोबा मागे उभे राहून बघत होते.

"इंदौर?" ते म्हणाले. "अरे, आपण घरात काय म्हणतो?"

मात्रा वर होत्या, दीर्घ उकार खाली घ्यायचा होता, आणि खाली त्याने जागाच ठेवली नव्हती. त्याने काही न बोलता चौकटीची वही उघडली, सगळं अक्षर तीन ठिपके वर घेतलं आणि द च्या पायाशी उकाराची शेपटी मोजायला लागला.

(दृश्य: पेन्सिलीचं टोक चौकटीत. एक, दोन, तीन, चार घरं काळी होतात.)