ट्रॅम: एका दांड्याचा प्रवास

(दृश्य: जुनी लाकडी हातगाडी. कॅमेरा चाकावरून सरकत मुठीपाशी थांबतो.)

या गाडीत ट्रॅम कुठे आहे? चाकात शोधू नका. जिथे हात आहे, तिथे बघा. हे दोन दांडे, हीच ट्रॅम. स्कॉटलंडमध्ये हातगाडीच्या दांड्याला हा शब्द होता. त्याचे नातेवाईक जुन्या डच आणि उत्तर जर्मन बोलींत सापडतात, आणि तिथे अर्थ आहे तुळई, वासा. म्हणजे मूळ शब्द लाकडाचा.

दांड्याचं नाव गाडीला चिकटलं ते खाणीत. कोळशाच्या गाडीलाच कामगार ट्रॅम म्हणू लागले. गाडी चिखलात रुतू नये म्हणून खाली आधी लाकूड अंथरलं, मग लोखंड. त्या वाटेलाही गाडीचंच नाव मिळालं: ट्रॅमवे. वेल्समध्ये स्वान्झीजवळ चुनखडी वाहण्यासाठी असाच एक मार्ग टाकला होता. 1807 साली त्याच्यावरून घोड्यांच्या गाडीत भाडं घेऊन माणसं नेली जाऊ लागली. पुढे बर्लिनजवळ लिश्टरफेल्डला 1881 मध्ये सीमेन्सची विजेवरची ट्रॅम धावली. घोडा गेला, दांडाही गेला. नाव तेवढं उरलं.

(दृश्य: एका इंग्रज अभियंत्याचं जुनं चित्र.)

इथे एक झकास कथा सांगतात. बेंजामिन आउट्रम नावाच्या अभियंत्याने असे लोहमार्ग बांधले आणि त्याच्या आडनावाचं शेपूट म्हणजे ट्रॅम! पण आउट्रम जन्मला 1764 साली, आणि शब्द 16व्या शतकातल्या नोंदींतच बसलेला आहे. बाप मुलापेक्षा दोनशे वर्षांनी लहान कसा असेल?

(दृश्य: माग. धोटा इकडून तिकडे.)

आता रेशमाची ट्रॅम. हिचा गाडीशी काडीचा संबंध नाही. लॅटिन ‘त्रामा’ म्हणजे बाणा, आडवा धागा. तोच शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्याला, मागाचा ओढा सोसायचा असतो, म्हणून त्याला घट्ट पीळ. बाण्याचं तसं नाही. दोन-तीन कच्चे धागे एकत्र घेऊन हलकासा पीळ दिला की झाली ट्रॅम. मऊ, भरदार.

कारखान्यात धातू तासणाऱ्या मिलिंग यंत्राचं डोकं टेबलाशी काटकोनात आणतात, त्यालाही ‘ट्रॅम करणं’ म्हणतात. तो शब्द तिसऱ्याच घराण्यातला, ट्रॅमेल या मोजणीच्या अवजारावरून आलेला.

(दृश्य: न्यूयॉर्क. ईस्ट नदीवर लोंबत जाणारा डबा.)

अमेरिकेत रस्त्यावरच्या ट्रॅमला ट्रॉली किंवा स्ट्रीटकार म्हणतात, आणि ट्रॅम म्हणतात ती ही. 1976 पासून मॅनहॅटन ते रूझवेल्ट बेट अशी दोरावरून जाते. खाली रूळ नाहीत. रस्ताही नाही.

(कॅमेरा डब्यात. उभे प्रवासी, आणि त्यांच्या मुठीत एक दांडा.)