अंगावरून वारं गेल्यावर

नमस्कार श्रोतेहो.

अर्धांगवायूला आपल्याकडे अजून ‘अंगावरून वारं गेलं’ असंच म्हणतात. पेशंट घरी आला की सगळं घर त्याच्या हातापायाच्या मागे लागतं. मालिश, शेक, वॉकर. मनाकडे बघायचं राहून जातं. अन् वारं गेलेल्या साधारण दर तीन माणसांत एकाला पुढच्या काही वर्षांत कधी ना कधी डिप्रेशन येतं.

मी फिजिओथेरपिस्ट, घरोघरी जाऊन व्यायाम घेतो. एका घरी अण्णा होते, भजनात पखवाज वाजवणारे. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पहिले तीन आठवडे जिद्दीने बोटं हलवली. मग हातात स्पंजचा चेंडू दिला की तो गादीवर सोडून भिंतीकडे तोंड करायचे. सूनबाई म्हणाल्या, “डॉक्टर, अण्णा हट्टीच झालेत हो. घास पुढे केला तरी तोंड उघडत नाहीत.” गिळायला त्रास नव्हता, ते आधी तपासलं होतं. मुलाला बाजूला घेऊन विचारलं, पूर्वी कधी असं झालं होतं? झालं होतं. धाकटा भाऊ गेला तेव्हा अण्णा सहा महिने मनाच्या गोळ्या घेत होते. हॉस्पिटलात हे कुणी विचारलं नाही, घरच्यांनीही सांगितलं नाही.

आधी नैराश्य येऊन गेलं असेल, तर झटक्यानंतर ते पुन्हा गाठण्याची शक्यता जास्त. झटका जितका मोठा, दुसऱ्यावर जितकं अवलंबून राहावं लागतं, तितका धोका वाढतो. माझ्या मते संडासला जाताना सुनेचा हात धरावा लागणं माणसाला सगळ्यात जास्त खचवतं. विसरभोळेपणा, घरातला एकटेपणा हेही आहेच. मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा झाली की नैराश्य येतं, असं बरीच वर्षं मानलं जायचं. २००० साली सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्याला आधार सापडला नाही. त्यामुळे स्कॅन बघून मनाचं भाकीत करू नका.

वाचा गेलेल्यांचं दुखणं वेगळंच. डिप्रेशन ओळखायचं ते प्रश्न विचारून, आणि यांना तर उत्तरच देता येत नाही. मग डोळे घरच्यांनीच उघडे ठेवायचे. रात्री झोप लागते का? नातू जवळ आला तर बघतात का? हा रेडिओ लावला की मान वळते का? दोन आठवडे सगळं थंड असेल, तर डॉक्टरांना सांगा. काही जणांना मात्र कारण नसताना एकदम रडू फुटतं आणि मिनिटभरात थांबतं. मेंदूचा ताबा सुटल्यामुळेही तसं होतं, ते नैराश्यच असेल असं नाही.

औषधं आहेत, समुपदेशन आहे. पण शेजाऱ्याची गोळी आणून देऊ नका. ब्रिटनमध्ये वारं गेलेल्या ३,००० हून जास्त पेशंटांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. निम्म्यांना सहा महिने फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध दिलं होतं. नैराश्य कमी झालं, पण हातपाय काही जास्त सुधारले नाहीत, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. कुणाला द्यायचं, ते डॉक्टरच ठरवतील. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस सेवाही आहे, फोन नंबर १४४१६. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

अण्णांचं औषध सुरू होऊन सव्वा महिना झाला. चेंडू कधी धरतात, कधी सोडून देतात. घास पुढे केला की तोंड मात्र उघडतात.